चार पात्यांची फट

थंड असताना ती शहाण्यासारखी वागते.
कोचकोरमधून निघताना तक्रार नाही.
नदीवरचा पूल ओलांडला, काटा ऐंशीवर गेला
की बिनसतं.
ठेचकाळत चालते,
स्टिअरिंगवरून माझ्या कोपरापर्यंत थरथर,
आणि मेंढ्यांच्या कळपासाठी थांबवली
तर मागच्या खोक्यातल्या लशीच्या बाटल्या
एकमेकींवर दात वाजवतात.

त्र्याऐंशी सालची उआझ. सल्ले तिच्याहून जुने.
पेट्रोलात पाणी, म्हणाला पंपवाला.
कार्ब्युरेटर, म्हणाले शाळेचे हेडमास्तर.
हवा विरळ आहे इथली, म्हणाला बिश्केकचा पाहुणा,
जणू डोंगर कालच आले.

सार्तबाय आकेनं काहीच उघडलं नाही.
"चालू ठेव."
लांब पेचकस इंजिनला टेकवला, मूठ कानाशी धरली,
मी गायीच्या बरगडीला नळी लावते तसा.
मग विचारलं,
"मध्ये कुणी हात लावला होता का?"
"नाही," मी म्हणाले.

वीस वर्षं हाच प्रश्न मी विचारत आले आहे.
काय खाऊ घातलंत?
काही नाही, डॉक्टरबाई.
आणि मध्ये उभी पोट फुगलेली मेंढी.

चिंधीत धरून त्यानं पहिल्या प्लगची वायर उपटली.
इंजिन कण्हलं, खचलं. परत लावली.
दुसरी. तसंच.
तिसरी उपटली,
काहीच नाही.
तीच ठेच, तीच थरथर.
"जिला काढून काही बिघडत नाही," तो म्हणाला,
"तीच बिघडलेली."

ठिणगी निळी होती, भरपूर.
मग प्लगच्या भोकावर त्यानं अंगठा दाबला
आणि मी चावी फिरवली.
पहिल्या भोकानं अंगठा उडवून लावला.
तिसऱ्यातून नुसती फुंकर,
काडीसुद्धा विझली नसती.

झाकण काढून बराच वेळ बघत राहिला.
"झडप तापली की लांबते. लांबायला जागा लागते.
जागा नसेल तर मिटत नाही पुरती.
वयानं एखादी आवळते, बाई.
आठच्या आठ नाही."

तेव्हा सांगितलं.
कुतमानला मीच म्हटलं होतं, ती टकटक बंद कर.
चाळिसावा नुकताच झाला होता.
घाटातून ती टकटक उतरायची,
मी चहा ठेवायचे,
पहिला पेला भरेपर्यंत तोरोकुल दारात.
आता मीच चालवत होते,
आणि टकटक माझ्याबरोबर घरी येत होती.
दार उघडायला आत कुणी नाही.

आके काही बोलला नाही.
म्हणजे बोलला, पण गुडघ्याबद्दल,
आणि पुतण्यानं बोल्ट वाकडे पिळलेत त्याबद्दल.
"निवू दे. गरम असताना मोजलं तर खोटं मोजलं जातं."

निवायला रात्र लागली.
त्याच्या बायकोनं पाव कापला, जर्दाळूचा मुरंबा दिला,
मुलगी मॉस्कोत फरशा पुसते ते सांगितलं,
फोनवरचे फोटो दाखवता दाखवता झोपली.

सकाळी मोजपट्टी सापडेना.
तिच्या नावानं शिव्या घालत
त्यानं दाढीची चार पाती एकावर एक धरली
आणि फटीत सरकवली. किंचित अडली पाहिजेत,
अडकता कामा नयेत.
आठ वेळा.
तिसरीची कड थोडी भाजली होती.
"चालेल हिवाळाभर. पुढचं पुढे."
पैशांऐवजी माझ्याकडून बोकड तपासून घेतला.
बोकड ठणठणीत होता.

पूल ओलांडला. ऐंशी. नव्वद.
बाटल्या गप्प.
आणि बॉनेटखाली ती,
टक टक टक टक,
बारीक, एकसारखी, कुणाला न विचारता.

वरच्या कुरणावर पोचायच्या आधीच
कुत्र्यांनी ओळखली.
तिन्ही उतार तुडवत धावत आली, शेपट्या, जिभा,
चाकांभोवती, दाराभोवती.
मी इंजिन बंद केलं नाही.
थोडा वेळ तशीच बसून राहिले,
दाराच्या मुठीवर हात,
बाहेर त्यांचे पंजे पत्र्यावर.